सावली हा निकष नाही

१

दिंडोशीच्या सुखधाम सोसायटीत तळमजल्यावर राहण्याचा एकच फायदा आहे, असं नलिनी सगळ्यांना सांगायची: लिफ्ट बंद पडली तरी आपल्याला कळत नाही. बाकी सगळे तोटेच. उंदीर पहिले आपल्याकडे येणार, कुरिअरवाला अख्ख्या विंगची पार्सलं आपल्याच दारात टाकणार, आणि ऊन म्हणाल तर ते दुसऱ्या मजल्याच्या खाली उतरायलाच तयार नाही. मागच्या खोलीच्या खिडकीसमोर बदामाचं झाड होतं, तीस वर्षांचं आणि अंगाने सुटलेलं. दर मार्चमध्ये सांडगी मिरची वाळवायला नलिनी ताटं घेऊन गच्चीवर चढायची आणि तिथेच पेपर वाचत राखण करत बसायची. कावळ्यांची तिला फारशी भीती नव्हती, चौथ्या मजल्यावरच्यांची होती.

या वर्षी मात्र बदामाने जानेवारीत पानं लाल केली, फेब्रुवारीत गाळली आणि पुढे काही करायचं नावच घेईना. मार्च उजाडला तरी झाड उघडंबोडकं. खालच्या एका फांदीवर दहाबारा तपकिरी पानं लटकलेली, बाकी नुसते खराटे. सगळी सोसायटी हळहळली. नलिनीही चारचौघांत हळहळली, आणि घरात येऊन खिडकीच्या ग्रिलवर मिरच्यांची दोन ताटं मांडली. तीस वर्षांत पहिल्यांदा घरबसल्या ऊन मिळणार होतं.

तीन दिवस झाले तरी मिरच्या ओल्याच. चौथ्या दिवशी त्यांना बुरशी धरली.

नलिनी भर दुपारी दोन वाजता ग्रिलपाशी उभी राहिली. कंपाउंडमध्ये डोळे दिपवणारं ऊन होतं. स्कूटरच्या सीटा तापल्या होत्या. ताटं तेवढी सावलीत होती. तिने वर पाहिलं, तर नागड्या फांद्या आणि आकाश. खाली पाहिलं, तर ताटांवर, खाटेवरच्या चादरीवर आणि पलीकडच्या भिंतीवर बदामाच्या चांगल्या तळहाताएवढ्या पानांची गच्च सावली पडली होती. आणि ती हलत होती. दोरीवरची नवऱ्याची बनियन मात्र जागची हलत नव्हती.

मागच्याच वर्षी नलिनीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिने उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांचं एकमत होतं. मग तिने मिरच्या कचऱ्यात टाकल्या आणि दही आंबट होतं असं ठरवून टाकलं.

२

मिरच्यांचं राहू दे, खरी काळजी वेगळीच होती. तिची एकुलती एक मुलगी श्वेता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळंतपणाची तारीख जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. बाळंतिणीची खोली म्हणजे हीच मागची खोली, खाट याच खिडकीखाली, आणि बदामाचं खोड याच खिडकीकडे कललेलं. वाळकं झाड पावसाळ्यात उन्मळून पडलं तर कुठे पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. श्वेताचं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, तिचे पाय आपण चेपावेत, बाळाला आपण न्हाऊ घालावं, यासाठी नलिनीने डिंक, खारीक आणि खोबरेल तेलाचे दोन डबे आधीच भरून ठेवले होते. यात कोणी आडवं आलेलं तिला चालणार नव्हतं, मग ते झाड का असेना.

"तोडा ते," ती सेक्रेटरी कमलताईंना म्हणाली.

"अगं, मेलं असेल तर तोडायचं ना! जिवंत असलं तर? परवानगी कोण देणार?"

"मेला नाय," नलिनीचा नवरा धोंडू म्हणाला. धोंडू मूळचा देवगडकडचा, गिरणीत लागला, गिरणी गेल्यावर एका बँकेत शिपाई म्हणून चिकटला आणि आता निवृत्त होऊन सोसायटीच्या बाकड्यावर हजेरी लावत होता. चाळीस वर्षांच्या मुंबईने त्याच्या बोलण्याचं काहीएक वाकडं केलं नव्हतं. "झाड निजला आसा. उठात."

शेवटी बी विंगमधल्या देवदत्त सरांना बोलावलं. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले होते आणि गेली सहा वर्षं कोणी काही विचारेल का याची वाट बघत होते. ते टोपी, चाकू आणि भिंग घेऊन आले. समोर बाकड्यावर पाच माणसं दिसताच त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"पहिली खूण, डहाळी." त्यांनी एक डहाळी वाकवली. ती कट्कन मोडली. "जिवंत असती तर लवली असती. दुसरी खूण." त्यांनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल खरवडली. "आत हिरवं दिसलं तर जीव आहे. काय दिसतंय?"

"तपकिरी," सगळे म्हणाले.

"तिसरी, बुंध्याशी अळंबी. ही बघा. चौथी, साल सुटतेय. पाचवी ऐका." त्यांनी खोडावर टकटक केलं. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. "आणि ही लटकलेली पानं बघितलीत? जिवंत झाड पान सोडतं. मेलेलं झाड सोडू शकत नाही. पान सोडायलासुद्धा अंगात जीव लागतो."

कमलताईंनी वहीत लिहून घेतलं. नलिनीने बराच वेळ गिळलेला प्रश्न विचारला.

"सर, मग सावली?"

"कसली सावली?"

"याची. आमच्या खोलीत पडते ती. भरगच्च पानांची."

सरांनी झाडाकडे पाहिलं, नलिनीकडे पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं.

"सावली हा निकष नाही," ते म्हणाले.

३

रीतसर अर्ज झाला, पाहणी झाली, झाडावर नोटीस लागली. तिच्यावर कोणी हरकत घेतली नाही. नोटीस वाचायला माणसं थांबत, कारण तिथे उभं राहायला गार वाटायचं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी करवतवाले येणार असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी धोंडूने नारळ आणला. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय झाडाक हात लावूचो नाय," त्याने जाहीर केलं. कोकणात कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला, जागेवाल्याला, जो कोण असेल त्याला मोठ्या आवाजात सगळी हकिगत सांगून संभाळ म्हणायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा, अशी रीत आहे. सोसायटीत कोकणातली घरं चारच. पण फुकटातला कार्यक्रम म्हणून एकवीस जण जमले. तिसऱ्या मजल्यावरचे शहाकाका तर मोबाइल काढून व्हिडिओच घ्यायला लागले.

धोंडूने टोपी घातली, बुंध्याशी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या झाडात, मुळात, ढोलीत जो कोण देव-देवचार, राखणदार वस्तीक असात, तेका आज आमी सगळी सुखधामवाली गाऱ्हाणा घालतंव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. शहाकाका सगळ्यांत मोठ्याने.

"झाड सुकला. आता ता तोडूचा लागताला. आमचा काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, पोरांटोरांक संबाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. नलिनीने प्रसादाच्या खोबऱ्यासाठी कोयताही उचलला होता. पण एकवीस माणसांनी आपलं ऐकावं हे भाग्य धोंडूला जन्मात मिळालं नव्हतं. त्याने आवाज आणखी चढवला.

"तीस वर्सां तू आमका सावली दिलंस. आता तुझा घर आमी मोडतंव. मगे तू खंय जातलंस? रस्त्यार ऱ्हवतलंस? असा कसा चलात! तळमजल्यार पयलो दरवाजो आमचोच आसा. मागली खोली रिकामी आसा. अनमान करू नको. घराक ये, रे म्हाराजा!"

"अहो!" नलिनी किंचाळली.

"व्हय म्हाराजा!" एकवीस माणसं म्हणाली. ठराव एकमताने मंजूर झाला.

ओळखीचा माणूस दिसला की त्याला घरी ये म्हणायचं, ही धोंडूची खोड जुनी होती. या सवयीपायी एकदा बँकेचा वसुलीवाला त्यांच्याकडे दोन दिवस राहून गेला होता. गाऱ्हाण्यानंतर नलिनी रात्रभर धोंडूकडे पाठ करून झोपली. धोंडूला आपलं काय चुकलं ते कळलंच नाही.

४

सकाळी करवत लागली आणि दुपारपर्यंत झाड टेम्पोत बसून गेलं. खोड आतून खरंच पोकळ निघालं. सर प्रत्येकाला बोलावून ते दाखवत होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर इतकं ऊन आलं की लोक संध्याकाळपर्यंत पडद्यांची मापं घेत होते.

नलिनी दोन वाजता मागच्या खोलीत गेली.

खिडकीबाहेर मोकळं आकाश होतं, आणि पलीकडच्या भिंतीवर बदामाची सावली. आता तिच्यात नुसत्या फांद्या नव्हत्या. खोडही होतं. आधी ते खिडकीबाहेर राहायचं, आता कपाटाशेजारी उभं होतं.

नलिनीने डोकं शांत ठेवलं. तिने पाण्याच्या टाकीचा विचार केला, शेजारच्या इमारतीच्या ताडपत्रीचा केला, मेट्रोच्या खांबाचाही केला, जो अर्ध्या किलोमीटरवर होता. मग ती बाहेर आली आणि धोंडूला म्हणाली, "जरा आत जाऊन बघा, कसं वाटतं?"

धोंडू आत गेला तो बाहेर येईना. पाऊण तासाने ती बघायला गेली, तर तो पंखा बंद करून अंगावर चादर ओढून घोरत होता. बाहेर छत्तीस डिग्री होतं.

"गारवो बरो आसा," उठल्यावर तो म्हणाला.

"भिंतीवर काय दिसलं?"

"खंयची भिंत? माका निज लागली."

तेव्हापासून नलिनी रोज दुपारी तिथे जायची आणि सावली कुठवर आली ते बघायची. पहिल्या आठवड्यात ती कपाटाशी होती. दुसऱ्या आठवड्यात खाटेच्या पायथ्याशी आली. शेंडा छताला टेकल्यावर तिथून वाकला होता, दारातून आत येताना उंच माणूस मान वाकवतो तसा. नलिनीला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पण ती कोणाला सांगायची आणि कशी? "आमच्या घरात सावली आहे" म्हटलं असतं तर अख्ख्या विंगने हेवाच केला असता.

५

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिला केरात पान सापडलं. बदामाचं, लालभडक, देठ ओला. दुसऱ्या दिवशी तीन सापडली. खाटेखाली, जिथे वारासुद्धा कधी जात नव्हता. झाडू हातात धरूनच नलिनी खाटेवर बसली. सरांचा धडा तिला पाठ झाला होता. पान सोडायला अंगात जीव लागतो.

ती उठली, भिंतीपाशी गेली आणि सावलीतल्या खोडावर अंगठ्याचं नख टेकवलं. आपण काय करतोय याची तिला लाज वाटली. तरी तिने खरवडलं. पांढऱ्या रंगाचा पोपडा निघाला.

आत हिरवं होतं.

"अहो!"

धोंडू आला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिला. "आदीचो रंग," तो म्हणाला. "पिस्ता. तुयाच पसंत केलेलंस."

"मी पिस्ता कधीच पसंत करणार नाही."

"मगे तुझ्या भावान केल्यान आसतलो."

असेलही. दोन हजार नऊ साली रंग लावला तेव्हा भाऊच बघायला होता, आणि त्याची पसंती नलिनीला माहीत होती. तिने बोट लावून पाहिलं. हिरवं ओलसर लागलं. भिंतीला ओलही असेल, तळमजलाच तो. या घरातल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण होतं, आणि ती सगळी कारणं एकत्र केली तरी भिंतीवर झाड उरतच होतं.

"हे बघा," ती म्हणाली, "पोर तीन आठवड्यांत येईल. तिच्या पोटात बाळ आहे. तुम्ही बोलावलंत, आता तुम्हीच सांगा. दुसरा नारळ आणा, पाच आणा, आणि जा म्हणावं."

धोंडू खाली बघत राहिला. एवढा गप्प तिने त्याला गिरणी बंद झाली त्या दिवशीच पाहिला होता. म्हणजे त्यालाही दिसत होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

"सांगान बघितलंय," तो हळूच म्हणाला. "कालच. नाय जमला गे. दारातसून आत घेतलेल्या पावण्याक भायर जा म्हणूक माझ्या तोंडात शब्दच येयना. बापाशीन कधी शिकवल्यानच नाय."

"मग आता?"

"पोरीची खाट हॉलात घालूया."

६

श्वेता तीन आठवड्यांनी यायची ती आठच दिवसांत आली. चेंबूरला सासरी चौदाव्या मजल्यावर उकाड्याने तिचा जीव नकोसा झाला होता. पाय इतके सुजलेले की नवऱ्याच्या, नितेशच्या, चपला घालून ती टॅक्सीतून उतरली. नितेशने बॅगा ठेवल्या, चहा घेतला आणि ऑफिसचं नाव सांगून पळाला.

"हॉलमध्ये?" हॉलातली खाट बघून श्वेता म्हणाली. "बाबांच्या टीव्हीसमोर? आई, प्लीज हां. माझी खोली आहे ना मस्त."

"तिथे ओल आलीय."

"येऊ दे."

"उंदीर आहेत."

"आई, उंदीर आपल्याकडे नाहीत असं कधी होतं का?" असं म्हणत ती गेलीसुद्धा. आतून तिचा आवाज आला, "आई गं! कसलं गार आहे यार! एसी लावलात आणि मला सांगितलं नाही?"

दहा मिनिटांत ती झोपली. नलिनी स्टूल घेऊन उशाशी बसली. महिनाभर पाठ टेकता न आलेली पोर तोंड उघडं टाकून लहानपणी झोपायची तशी झोपली होती. तिला उठवायचं म्हणजे पाप वाटत होतं आणि झोपू द्यायचं म्हणजे भीती. सावली खाटेच्या पायाकडच्या बाजूला होती, हलत नव्हती.

तीन दिवस नलिनीने राखण केली. जेवण स्टुलावर, चहा स्टुलावर. बाथरूमला जाताना ती धोंडूला बसवून जायची, आणि परत येईपर्यंत तो घोरत असायचा. श्वेताची सूज उतरायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. काय चालू ठेवायचं ते नलिनीला कळलं नाही.

७

चौथ्या दिवशी दुपारी श्वेताला तांदळाची पेज हवी झाली. धोंडूला पेज करता येत नव्हती. खरं तर त्याला गॅस पेटवता येत होता की नाही, याचीच शंका होती. नलिनीने दार सताड उघडं ठेवलं, मधला पडदा ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात आली. इथून आतलं सगळं ऐकू यायचं. दहा मिनिटांचं तर काम.

पेजेला कढ आला तेव्हा आतून श्वेताचा झोपाळलेला आवाज आला.

"आई, जरा हळू ना. हात केवढे खरखरीत झालेत गं तुझे."

नलिनीच्या हातात डाव होता. तिने तो बघितला. आपला हात बघितला. मग हॉलमध्ये डोकावून पाहिलं. धोंडू टीव्हीसमोर मान टाकून घोरत होता. घरात माणसं तीन, आणि तिघांचा हिशेब लागत होता.

"हां, तिथेच," श्वेता म्हणाली. "पोटरीवर. किती बरं वाटतंय."

ओरडावं तर श्वेता दचकेल. धोंडूला उठवावं तर तो आधी पाहुण्याला चहा विचारेल. त्या क्षणी तिला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण त्या भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. ते वर यायला लागलं आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तो राग होता. इतके महिने जिची वाट पाहिली, जिच्यासाठी तेलाचे डबे भरले, तिचे पाय आपल्याआधी दुसरंच कोणी चेपतंय? आपल्या घरात?

ती गेली. पडदा एका बोटाने बाजूला केला.

श्वेता कुशीवर झोपली होती, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुख. खाटेच्या पायथ्याशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. पाठ फार रुंद, फार लांब, छतापाशी वाकलेली. नलिनीला त्यापलीकडे नीट दिसलं नाही, आणि दिसावं असं तिला वाटलंही नाही. श्वेताचा उजवा पाय मात्र दिसला. तो कोणाच्या तरी मांडीवर असल्यासारखा गादीपासून वीतभर वर होता.

नलिनीने पदर खोचला. मुंबईत जन्म काढूनही चिडल्यावर तिच्या तोंडी आईचीच बोली यायची.

"उठा बघू," ती म्हणाली. "माझ्या चेडवाचे पाय मी चेपतलंय."

खोलीत काही हललं नाही. भिंतीवरचं एकही पान हललं नाही. मग खाट कुरकुरली, सावकाश, वजनदार कोणी हालचाल करावी तशी. श्वेताचा डावा पाय गादीवर मोकळा राहिला आणि त्याच्या शेजारची चादर, जी इतका वेळ खोल दबलेली होती, ती हळूहळू सपाट झाली.

तो उठला नव्हता. सरकला होता. तिच्यासाठी जागा केली होती.

नलिनी दारात उभी राहिली. स्वयंपाकघरात पेज उतू जाऊन गॅस चरचरला. झोपेतच श्वेता म्हणाली, "थांबलीस का गं?"

"नाही, बाळा," नलिनी म्हणाली, आणि रिकाम्या जागेवर बसून तिने डावा पाय मांडीवर घेतला.